झुडूप तेच, पाला वेगळा: कुरणातल्या झुडपांचे रसायन वाढीच्या परिस्थितीनुसार कसे बदलते आणि ते कसे मोजावे

कुरणातल्या झुडपांच्या पाल्याचे तक्ते सहज मिळतात. अमुक झुडूप, प्रथिने इतके टक्के, टॅनिन (प्रथिनांना चिकटणारा तुरट पदार्थ) इतके टक्के. तक्ता खोटा नसतो, अपुरा असतो. पाला कोणत्या महिन्यातला, कसल्या जमिनीवरचा, उन्हातल्या फांदीचा की सावलीतल्या, कोवळा की निबर, झुडूप आधी चरलेले की न चरलेले, यातले काहीच त्यात नसते. आणि एकाच जातीच्या झुडपात टॅनिनचा आकडा दुपटीने कमी-जास्त होतो तो नेमका याच गोष्टींमुळे. म्हणून दुसऱ्याच्या तक्त्यावर जनावरांचे नियोजन करण्यापेक्षा आपल्या कुरणातला पाला नीट गोळा करून तपासणे आणि आकड्यासोबत परिस्थितीची नोंद ठेवणे जास्त उपयोगाचे. ते कसे करायचे याची ही पद्धत आहे.

आधी कारणे समजून घ्या

पाल्यातले पदार्थ कामापुरते चार गटांत धरा. पहिला गट पोषणाचा: प्रथिने, साखर, पिष्ट. दुसरा कार्बनवर बेतलेल्या बचावाचा: टॅनिन, इतर फिनॉल, टर्पीन म्हणजे उडून जाणारी सुगंधी तेले, राळ. तिसरा नत्रावर बेतलेल्या बचावाचा: अल्कलॉइड आणि सायनाइड सोडणारे ग्लायकोसाइड. चौथा क्षारांचा: मीठ, ऑक्झॅलेट, राख (पाला जाळल्यावर उरणारा भाग). परिस्थिती बदलली की हे चारही गट एकाच दिशेने हलत नाहीत, आणि बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो.

ऊन. भर उन्हातले पान लहान व जाड होते आणि त्यात टॅनिन व फ्लेव्होनॉइड वाढतात. सावलीतले पान पातळ, रुंद. फिनॉल कमी आणि वजनाच्या हिशेबात नत्र बहुधा जास्त. हा फरक एकाच झुडपाच्या बाहेरच्या आणि आतल्या फांद्यांतही सापडतो.

पाणी. ताण सुरू झाला की आधी वाढ थांबते, प्रकाशसंश्लेषण त्यानंतर मंदावते. मधल्या काळात तयार झालेली साखर वाढीला लागत नाही आणि तिचा काही भाग फिनॉलकडे वळतो. म्हणून मध्यम ताणात टॅनिन वाढलेले दिसते. ताण तीव्र झाला, पानांची रंध्रे दिवसभर बंद राहू लागली, की साखरच तयार होत नाही आणि टॅनिनही घटू लागते. 'दुष्काळात टॅनिन वाढते' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ताण किती आणि किती दिवसांचा, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

अन्नद्रव्ये. नत्र किंवा स्फुरद कमी असलेल्या जमिनीत वाढ खुंटते आणि फिनॉल साठतात. नत्र मिळाले की प्रथिने वाढतात, फिनॉल उतरतात. ब्रायंट, चॅपिन आणि क्लाइन यांनी १९८३ मध्ये मांडलेली कार्बन-पोषण समतोलाची कल्पना आणि हर्म्स व मॅटसन यांची १९९२ ची वाढ-विभेदन समतोलाची कल्पना हेच सांगतात. पण हा नियम फ्लेव्होनॉइड व संघनित टॅनिन यांच्याबाबत बऱ्यापैकी टिकतो; जलविघटनीय टॅनिन (पाण्याच्या क्रियेने फुटणारा टॅनिनचा दुसरा प्रकार) आणि टर्पीन यांच्याबाबत टिकत नाही. टर्पीन कोणती आणि किती, यावर झाडाच्या वंशाची पकड मोठी असते. तिसऱ्या गटाचे उलटे: नत्र वाढले की अल्कलॉइड आणि सायनाइडचा धोका वाढू शकतो. त्यामुळे 'खत घातले, पाला सुधारला' असे सरसकट म्हणता येत नाही.

क्षार. खारपड जमिनीवरची अॅट्रिप्लेक्स जातीची झुडपे मीठ पानांवरच्या सूक्ष्म फुगीर केसांत साठवतात. अशा पाल्यात राख २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. त्याचा आकड्यांवर होणारा परिणाम पुढे हिशेबात पाहू.

पानाचे वय. आमच्या मते सर्वात जास्त चुका इथे होतात, कारण कोवळे म्हणजे चांगले असे सगळेच गृहीत धरतात. कोवळ्या पालवीत प्रथिने जास्त आणि तंतू कमी, हे खरे. पण अमेरिकेच्या वाळवंटी पट्ट्यातल्या ब्लॅकब्रशचे उदाहरण पाहा. त्याची छाटणी केल्यावर आलेल्या नव्या फुटव्यात नत्र जुन्या डहाळीपेक्षा जास्त असते, तरी शेळ्या जुनी डहाळीच पसंत करतात, कारण नव्या फुटव्यात संघनित टॅनिन जास्त असते. क्रिओसोट या तिथल्याच झुडपातही राळ कोवळ्या पानांवर अधिक असते. म्हणून प्रथिने आणि टॅनिन एकाच नमुन्यात मोजल्याशिवाय कोवळ्या पाल्याला चांगला म्हणू नका.

चराई. दक्षिण आफ्रिकेतल्या काही बाभूळवर्गीय झाडांत सततच्या जोरदार चराईनंतर येणाऱ्या पाल्यात पोषण वाढलेले आणि संघनित टॅनिन घटलेले आढळले आहे, कारण मुळांच्या मानाने फुटवे थोडे राहतात आणि प्रत्येकाला भरपूर अन्न मिळते. थंड प्रदेशातल्या बर्च आणि विलोच्या बुंध्यातून येणारे धुमारे मात्र राळ आणि फिनॉलने जास्त भरलेले असतात. दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. आपले झुडूप कोणत्या बाजूचे, ते मोजूनच कळते.

पायरी १: प्रश्न एकच ठरवा

'पाल्यात काय आहे' हा प्रश्न नव्हे. 'ओढ्याकाठच्या आणि उतारावरच्या झुडपांत फुलोऱ्याआधी टॅनिनचा फरक किती' हा प्रश्न आहे. एका वेळी एकच परिस्थिती बदलू द्या: जागा, किंवा महिना, किंवा पानाचे वय. तीनही एकदम बदलले, तर आलेला फरक कोणामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही.

पायरी २: झुडपे निवडा आणि ओळख पक्की करा

प्रत्येक जागी किमान १० ते १५ झुडपे घ्या. शेजारशेजारची घेऊ नका. मुळांतून फुटून पसरणाऱ्या जातीत जवळची झुडपे एकाच झाडाचे भाग असतात. ती १० मोजली तरी नमुना एकाचाच होतो. सरळ रेषेत चालत ठरावीक अंतरावर जे झुडूप येईल ते घ्या. टवटवीत दिसतील ती निवडण्याचा मोह होतो, तो टाळा.

जात आणि उपजात नक्की करा. सेजब्रश या अमेरिकेतल्या कोरड्या प्रदेशातल्या सुगंधी झुडपाच्या तीन मुख्य उपजाती दिसायला एकमेकींच्या जवळ, पण रसायनाने वेगळ्या. त्यांत एक सोपी खूण आहे: पान चुरून थोड्या पाण्यात टाकायचे आणि अंधारात दीर्घ तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली धरायचे. डोंगरी उपजातीचे पाणी ठळक निळे चमकते, बाकीच्यांचे फारसे चमकत नाही. ही चमक कुमारिन गटाच्या पदार्थांची असते. उपजाती मिसळल्या, तर जागेचा म्हणून दाखवलेला फरक खरे तर वंशाचा निघतो.

प्रत्येक झुडपामागे एवढे लिहा: तारीख, वेळ, उतार व त्याची दिशा, सावली अंदाजे किती टक्के, शेवटचा पाऊस कधी व किती मिलिमीटर, शेवटची चराई, झुडपाची अवस्था (पालवी, कळी, फूल, शेंग, पानगळ), कीड असल्यास तिची खूण. दर जागी ० ते ३० सेंटीमीटर खोलीची माती घेऊन सामू, विद्युतवाहकता, नत्र आणि स्फुरद तपासून घ्या.

पायरी ३: पाला तोडणे

सकाळी ८ ते ११ या वेळात तोडा, आणि सर्व जागी हीच वेळ पाळा. दुपारपर्यंत पानात साखर व पिष्ट साठतात आणि त्यांच्या वजनाने बाकी सगळ्यांची टक्केवारी खाली दिसते. एका जागेचा नमुना सकाळी आणि दुसऱ्या जागेचा संध्याकाळी घेतला, तर नसलेला फरक दिसेल.

प्रत्येक झुडपाच्या चारही बाजूंनी, जनावराच्या तोंडाला येईल तेवढ्याच उंचीवरून डहाळ्या घ्या. मेंढीसाठी ही उंची साधारण १ मीटर, मागच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या शेळीसाठी दीड मीटर किंवा थोडी जास्त. जनावर जेवढी जाड काडी खाते तेवढीच घ्या. हाताने ओरबाडू नका, कात्रीने कापा. कोवळी आणि निबर पाने तिथेच वेगळी करा: टोकाकडची पूर्ण न उघडलेली एका पिशवीत, पूर्ण उघडलेली दुसऱ्या.

सर्व तपासण्यांसाठी ८० ते १०० ग्रॅम सुका पाला लागतो, म्हणजे साधारण २५० ग्रॅम ओला. तो कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाला घामेजतो, तापतो, श्वसनाने साखर जळते आणि पाने काळी पडतात. पिशव्या अंधाऱ्या थंड पेटीत, बर्फाला थेट न टेकवता ठेवा आणि ४ तासांच्या आत वाळवायला लावा. टर्पीन किंवा सायनाइड तपासायचे असेल, तर त्याचा भाग वेगळा, ताजा आणि घट्ट बंद डबीत लगेच गोठवा. वाळवल्यावर ते उडून गेलेले असते.

याच वेळी प्रत्येक झुडपाची १०० पूर्ण उघडलेली पाने मोजून वेगळ्या पाकिटात ठेवा. पुढे आकडे वाचताना या पाकिटाइतके काहीच कामाला येत नाही.

पायरी ४: वाळवणे आणि दळणे

सर्वात चांगले म्हणजे गोठवून निर्वातात वाळवणे. ती सोय नसेल तर हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये ४० ते ५० अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत. पातळ थर ठेवला तर साधारण ४८ तास. ६० अंशांच्या वर गेलात की दोन गोष्टी बिघडतात: टॅनिन प्रथिने व तंतूंना घट्ट चिकटते आणि अर्कात उतरत नाही, म्हणून ते कमी दिसते, आणि काही नत्र तंतूत अडकते, म्हणून पचनीय प्रथिनांचा अंदाज चुकतो. उन्हात वाळवू नका. गोठवलेला पाला आधी वितळवून मग वाळवणे ही तितकीच मोठी चूक: पेशी फुटतात, विकरे मोकळी होतात आणि फिनॉल तपकिरी पडून हाती लागत नाहीत.

प्रथिने व तंतूसाठी १ मिलिमीटरच्या चाळणीतून, टॅनिनसाठी ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून दळा. दळणयंत्र तापू देऊ नका, थांबत थांबत चालवा. चाळणीवर उरलेल्या शिरा आणि काड्या फेकू नका, पुन्हा दळून मिसळा. त्या टाकल्या की प्रथिनांचा आकडा फुगतो.

थोडा भाग १०५ अंशांवर वाळवून शुष्क पदार्थाची टक्केवारी काढा. हा भाग दुसऱ्या तपासणीला वापरू नका. तेलकट झुडपांत १०५ अंशांवर पाण्यासोबत टर्पीनही उडतात आणि 'ओलावा' म्हणून मोजले जातात, हे लक्षात ठेवा.

पायरी ५: तपासण्या

प्रथिने: केल्डाल पद्धतीने नत्र काढून ६.२५ ने गुणा. तंतूचे दोन आकडे, एनडीएफ (एकूण तंतू) आणि एडीएफ (त्यातला पचायला जड भाग), कोणतीही पशुखाद्य प्रयोगशाळा काढून देते. मात्र एडीएफमध्ये अडकलेले नत्र वेगळे मागा.

फिनॉल आणि टॅनिनचा अर्क असा काढतात: २०० मिलिग्रॅम दळलेला पाला, १० मिलिलिटर ७० टक्के अॅसिटोन, अल्ट्रासॉनिक टबमध्ये २० मिनिटे, मग ३००० जी वेगाने १० मिनिटे सेंट्रिफ्यूज. वरचा द्रव बर्फावर ठेवा. हिरवा रंग किंवा मेण खूप असेल, तर पाला आधी इथरने धुऊन घ्या.

एकूण फिनॉल: थोडा अर्क पाण्याने ०.५ मिलिलिटर करा, त्यात ०.२५ मिलिलिटर १ नॉर्मल फोलिन अभिकर्मक आणि १.२५ मिलिलिटर २० टक्के सोडियम कार्बोनेट घाला, ४० मिनिटांनी ७२५ नॅनोमीटरला वाचा. टॅनिक आम्लाच्या प्रमाणरेषेवरून आकडा काढा. त्यानंतर १०० मिलिग्रॅम पीव्हीपीपी पावडरीत १ मिलिलिटर पाणी व १ मिलिलिटर अर्क मिसळून १५ मिनिटे ४ अंशांवर ठेवा. पावडर टॅनिन धरून ठेवते; सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव पुन्हा वाचा (तो दुप्पट पातळ झाला आहे, हे हिशेबात धरा). दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे टॅनिन.

संघनित टॅनिन: ०.५ मिलिलिटर अर्क, ३ मिलिलिटर ब्युटेनॉल-हायड्रोक्लोरिक आम्ल (९५:५), ०.१ मिलिलिटर फेरिक अभिकर्मक. उकळत्या पाण्यात ६० मिनिटे. थंड करून ५५० नॅनोमीटरला वाचा. प्रत्येक अर्काची एक न तापवलेली नळी ठेवा आणि तिचे वाचन वजा करा, नाहीतर पानाचा मूळ लाल रंग टॅनिन म्हणून मोजला जाईल. रंग फार गडद आला तर अर्क कमी घ्या. समजा ०.१ मिलिलिटर अर्क अॅसिटोनने ०.५ मिलिलिटर केला, वाचन ०.४५ आले आणि शुष्क पदार्थ ९३ टक्के आहे. ०.४५ × ७८.२६ × ५ ÷ ९३ = १.९ टक्के, ल्युकोसायनिडिन या प्रमाण पदार्थाच्या तुलनेत (७८.२६ हा या पद्धतीचा ठरलेला गुणक, ५ म्हणजे अर्क पाचपट पातळ केला म्हणून).

हा आकडा एकाच जातीच्या दोन जागा ताडून पाहायला उत्तम. दोन वेगळ्या जातींची तुलना त्यावर करू नका. टॅनिनची रचना वेगळी असली की रंग वेगळा उतरतो आणि २ टक्के दाखवणारी जात ४ टक्केवालीपेक्षा जास्त त्रासदायक असू शकते. जातींची तुलना हवी असेल तर कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातल्या) रसासोबत ३९ अंशांवर वायू-चाचणी लावा: ५०० मिलिग्रॅम पाला एकटा, आणि तेवढाच पाला १ ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल ६००० सोबत. ग्लायकॉल टॅनिनला बांधून टाकते. २४ तासांत त्या नळीत जेवढा वायू जास्त, तेवढा टॅनिनचा खरा अडथळा.

सायनाइडसाठी ताजे पान चुरून नळीत टाका, टोल्यूइनचे दोन-तीन थेंब घाला आणि पिक्रेट कागद वर लटकवून बूच लावा. पिवळा कागद विटकरी झाला तर धोका. कागद तयार घ्या. कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते.

पायरी ६: आकडे वाचणे

टक्केवारी दोन कारणांनी वाढते: पदार्थ खरोखर जास्त तयार झाला, किंवा बाकीचे पान कमी झाले. १०० पानांचे पाकीट इथे कामाला येते. ओलाव्याच्या जागी पानाचे सुके वजन ४० मिलिग्रॅम आणि टॅनिन ६ टक्के असेल, तर एका पानात २.४ मिलिग्रॅम टॅनिन झाले. कोरड्या जागी पान २५ मिलिग्रॅम, टॅनिन ८ टक्के. म्हणजे एका पानात २ मिलिग्रॅम. टक्केवारी वाढली, पण झुडपाने टॅनिन जास्त केलेले नाही, पान आकसले. जनावराच्या दृष्टीने ८ टक्के हेच खरे, कारण ते वजनाने खाते. झुडपाची प्रतिक्रिया समजून घ्यायची तर दुसरा आकडा पाहा.

खारपडीवर राख वजा केल्याशिवाय तुलना करू नका. एका जागी प्रथिने १२ टक्के, राख २८ टक्के. दुसऱ्या जागी प्रथिने १४.५, राख १३. दुसरा पाला सरस वाटतो. पण सेंद्रिय भागावर काढले तर १२ ÷ ७२ आणि १४.५ ÷ ८७, दोन्ही १६.७ टक्के. फरक मिठाचा आहे, प्रथिनांचा नाही. शिवाय अशा झुडपांतले बरेच नत्र बीटेनसारख्या प्रथिनेतर रूपात असते, म्हणून ६.२५ चा गुणक त्यांना उदार ठरतो.

तिसरी वजाबाकी अडकलेल्या नत्राची. नत्र २.४ टक्के म्हणजे प्रथिने १५ टक्के. एडीएफमधले नत्र ०.६ टक्के असेल, तर ३.७५ टक्के प्रथिने जनावराला मिळणारच नाहीत, हाती ११.२५ उरतात. टॅनिनयुक्त पाल्यात ही वजाबाकी मोठी असते आणि बहुतेक अहवालांत ती केलेलीच नसते.

पायरी ७: परिस्थितीचा परिणाम सिद्ध करायचा असेल तर

दोन जागांतला फरक दाखवणे म्हणजे कारण सिद्ध करणे नव्हे. त्यासाठी एकाच जागी परिस्थिती बदला. २४ सारखी झुडपे घ्या आणि चिठ्ठ्या टाकून ६-६ चे चार गट करा: जसे आहे तसे, ५० टक्के शेडनेट, नत्र, पाणी. नत्र हेक्टरी ५० किलो या हिशेबाने, म्हणजे चौरस मीटरला ५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम युरिया. तो पावसाच्या किंवा पाण्याच्या आधी पसरा. पाणी आठवड्याला २० मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २० लिटर. शेडनेट पूर्ण झुडपावर घाला. एकाच फांदीवर घातले तर बाकीच्या फांद्या तिला साखर पुरवतात आणि परिणाम पुसट होतो.

उपचार सुरू झाल्यानंतर उघडलेल्या पानांनाच रंगीत दोरा बांधा आणि ६ ते ८ आठवड्यांनी तीच तोडा. जुनी पाने फारशी बदलत नाहीत. ती मिसळली की प्रयोग 'परिणाम नाही' असे खोटे उत्तर देतो. वंश आणि जागा वेगळे करायचे असतील, तर दोन्ही जागच्या झुडपांची छाट कलमे दोन्ही जागी लावा. जागा बदलल्यावर जे बदलले नाही ते वंशाचे.

पायरी ८: चराईत वापर

कोटीपोटातल्या जंतूंना चाऱ्यात साधारण ७ टक्के प्रथिने तरी लागतात. त्याखाली चारा खाण्याचे प्रमाणच घटते. संघनित टॅनिन २ ते ४ टक्क्यांत असेल तर ते प्रथिनांना कोटीपोटातल्या विघटनापासून वाचवते आणि पोटफुगी रोखते. ५ ते ६ टक्क्यांच्या पुढे बहुतेक झुडपांत खाणे आणि पचन दोन्ही उतरतात.

निबर पाल्यात टॅनिन कमी आणि प्रथिने ७ च्या वर असतील, तर पालवीच्या काळात त्या भागाला विसावा द्या आणि पाने पक्व झाल्यावर जनावरे सोडा. उलट असेल तर पालवीतच सोडा. टॅनिनयुक्त पाल्यावरच भागवायचे असेल, तर शेळी-मेंढीला रोज १० ते २५ ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल पाण्यातून किंवा खाद्यातून देता येते. खारट पाल्यासोबत गोडे पाणी मुबलक लागते आणि कमी मिठाचा दुसरा चारा सोबत हवाच. दीड किलो सुका पाला, २५ टक्के राख, म्हणजे पाव किलोहून जास्त, तब्बल ३७५ ग्रॅम क्षार. हे मूत्रपिंडातून बाहेर टाकायलाच जनावराची शक्ती जाते.

सायनाइड सोडणाऱ्या जाती ताणानंतर, हिमानंतर किंवा जोराच्या फुटव्याच्या वेळी उपाशी जनावरांना देऊ नका. तोडून सुकत घातलेला पाला तर अजिबात नको: पेशी तुटल्यावर विकर आणि ग्लायकोसाइड एकत्र येतात आणि विष तिथेच सुटू लागते. चराईपूर्वी त्याच सकाळी पाच-सहा झुडपांवर पिक्रेट कागद लावून पाहा. मागच्या महिन्याचे उत्तर इथे चालत नाही.